जानेवारीच्या यादीत हवा नाही

जानेवारी उजाडला की आपल्या गटांत दिनविशेषांची यादी फिरू लागते. ३ जानेवारी १८३१, सावित्रीबाई फुले यांचा जन्म. ६ जानेवारी १८३२, 'दर्पण'चा पहिला अंक. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद. १४ जानेवारी १७६१, पानिपत. मग कुवेतमध्ये बरीच वर्षे काढलेला एखादा हौशी सभासद इथली भर घालतो: २३ जानेवारी १८९९, शेख मुबारक यांचा इंग्रजांशी करार, १७ जानेवारी १९९१, आखाती युद्धाला सुरुवात, १५ जानेवारी २००६, अमीर शेख जाबिर अल-अहमद यांचे निधन. यादी चांगली असते, पोराबाळांना वाचून दाखवण्यासारखी असते. पण तिच्यात माणसे असतात, सह्या असतात, लढाया असतात. हवा नसते.

ही उणीव किरकोळ नाही असे माझे मत आहे. आपण ज्या गावात पोट भरायला आलो ते गाव वाऱ्यावर उभे राहिलेले बंदर आहे. इथल्या तारखांमागचे वारे, पाऊस आणि थंडी वगळली तर त्या तारखा नुसत्या पाठांतराच्या उरतात. शिवाय याच महिन्यातली थंडी इथे माणसे मारते, आणि त्यात आपल्या देशाची माणसेही असतात. त्याकडे शेवटी येतो.

हवामान तारखेवर कसा हुकूम चालवते याचे साधे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कुवेत स्वतंत्र झाला १९ जून १९६१ रोजी. पहिला राष्ट्रीय दिन १९६२ साली १९ जूनलाच झाला. जूनमधली कुवेतची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. लवकरच हा सण २५ फेब्रुवारीला नेण्यात आला. ती तारीख शेख अब्दुल्ला अल-सालिम यांच्या १९५० सालच्या राज्यारोहणाची. कारण म्हणून उन्हाळ्याचे नाव सगळेच घेतात. एका देशाने आपला वाढदिवस सावलीत सरकवला. आज आपण फेब्रुवारीत गल्फ रोडवर पोरांच्या हातात पाण्याच्या पिचकाऱ्या पाहतो त्या या सरकवण्यामुळे.

आता १८९९ कडे. कुवेत ही ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हती; संरक्षणाखालचे बंदर होते. २३ जानेवारीच्या करारात शेख मुबारक यांनी कबूल केले की इंग्रजांना विचारल्याशिवाय परक्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घेणार नाही आणि जमीन कोणाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही. त्या बदल्यात पाठिंब्याचे आश्वासन मिळाले आणि १५,००० रुपये. रुपये, पौंड नव्हेत! सही करणारा इंग्रज अधिकारी मीड हा बुशेहरचा रेसिडेंट होता आणि त्याचे वरिष्ठ लंडनच्या आधी कलकत्त्यात बसत. लॉर्ड कर्झनने व्हाइसरॉयपदाची सूत्रे घेतली तीही त्याच महिन्यात, ६ जानेवारी १८९९ रोजी. पुढे २१ जानेवारी १९१५ ला कुवेतमध्ये टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची, आणि पत्रांवर हिंदुस्थानचीच तिकिटे लागत. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत बाजारात चालला तो रुपया.

हे सगळे राजकारण खरे. पण इंग्रजांना, तुर्कांना आणि बर्लिन–बगदाद रेल्वेची स्वप्ने पाहणाऱ्या जर्मनांना कुवेत का हवे होते? गावात गोडे पाणी पुरेसे नव्हते. ते शत्त-अल-अरबमधून गलबतांनी आणावे लागे. शेती जवळपास नव्हतीच. होता तो निवाऱ्याचा उपसागर, आणि होती वर्षाच्या वाऱ्यांचे वेळापत्रक पाठ असलेली माणसे. उन्हाळ्यात ही माणसे मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारत. उन्हाळा सरला की बसऱ्याकडचा खजूर 'बूम' जातीच्या मोठ्या गलबतांत भरून कराची, काठेवाड, मुंबई, मलबार गाठत, नाहीतर ईशान्येचा वारा शिडात घेऊन आफ्रिकेकडे वळत. परतताना मलबारचे सागवान, काथ्या, तांदूळ, मसाले. ज्या सागवानाची गलबते बांधली जात तेही आपल्याच किनाऱ्यावरून आलेले. नैऋत्य मोसमी वारे सुरू असताना अरबी समुद्रात शीड उभारणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ते महिने वर्ज्य. आपल्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा आणि कुवेती नाखव्यांचे प्रस्थान या दोन्हींमागे वारा एकच आहे, हे मला या समुद्राबद्दलचे सर्वांत सुंदर सत्य वाटते.

याचा अर्थ असाही होतो की करारावर सही झाली त्या जानेवारीत कुवेतचे अनेक धडधाकट पुरुष गावात नसणार. ते मुंबईच्या बंदरात माल उतरवत असतील, कालिकतला लाकडाचा भाव करत असतील किंवा झांझिबारच्या वाटेवर असतील. मोती विकायला, घोडे विकायला, कापड घ्यायला मुंबई हे त्यांचे मोठे शहर होते. आपण आज उलट दिशेने आलो, एवढाच फरक.

अशा गावाला आपला इतिहास तारखांनी लक्षात ठेवायची गरज वाटत नव्हती. वर्षांना नावे हवामानाची आणि संकटांची. १८७१ हे 'सनत अत-तबआ', म्हणजे बुडाल्याचे वर्ष. हिंदुस्थान आणि ओमान यांच्या दरम्यान वादळाने कुवेतची बरीच गलबते गिळली. १९३४ च्या डिसेंबरातल्या पावसाने मातीची घरे विरघळवली, म्हणून ते 'सनत अल-हदामा', पडझडीचे वर्ष. १९५४ मध्ये पुन्हा तसाच पाऊस झाला तेव्हा लोकांनी नवे नाव शोधले नाही. 'दुसरी हदामा' म्हणाले. आपल्याकडची जुनी माणसेही जन्मसाल विचारले की "बहात्तरच्या दुष्काळात मी चौथीत होतो" असेच सांगतात. दुर्गादेवीच्या दुष्काळाला सहाशे वर्षे होऊन गेली तरी नाव टिकले. लोकांची स्मृती हवेला चिकटलेली असते. छापील दिनविशेषांनी ती सोडवली आणि त्या जागी राज्यारोहणे चिकटवली.

इथे एक अडचण आहे, आणि ती खगोलशास्त्राची आहे. तारीख हवेशी नेहमी इमान राखतेच असे नाही. १८९९ च्या करारावर तारीख १० रमजान १३१६ अशीही आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे १० रमजान कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात, आणि साधारण ३३ वर्षांनी फेरा पूर्ण करतो. अशा पंचांगावर पेरणी करता येत नाही आणि गलबतही हाकता येत नाही.

आपली संक्रांतही वाटते तितकी स्थिर नाही. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झाले असे आपण सर्रास ऐकतो, कारण आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि लढाई १४ जानेवारीची. पण संक्रांत नक्षत्रांच्या संदर्भाने ठरते आणि इंग्रजी तारीख ऋतूंच्या संदर्भाने. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गिरकीमुळे या दोहोंत सुमारे ७० वर्षांना एक दिवस असा फरक पडत जातो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता, यावरूनच हिशोब लागतो. १७६१ मध्ये संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. "संक्रांत कोसळली" हा वाक्प्रचार पानिपतावर कितीही शोभला तरी त्या बुधवारी पंचांगात संक्रांत नव्हती. आणि उत्तरायण? सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१–२२ डिसेंबरला. तिळगूळ आपण तीन आठवडे उशिरा वाटतो. वाटावा, गोडच असतो; पण "आजपासून दिवस मोठा होऊ लागतो" असे मंडळाच्या व्यासपीठावरून सांगू नये.

मग ऋतूंचा हिशोब अरबांनी कसा ठेवला? ताऱ्यांवर. पहाटे सूर्य उगवण्याआधी कोणता तारा क्षितिजावर दिसू लागला, यावर. कुवेतच्या लोकपंचांगात साधारण ७ डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत 'मुरब्बआनिया' चालते, चाळीसेक दिवसांची थंडी. तिचे तीन तुकडे आहेत: इक्लील, कल्ब आणि शौला, प्रत्येकी १३ दिवसांचे. कल्ब म्हणजे विंचवाचे हृदय आणि शौला म्हणजे नांगी. आकाशात विंचू ओळखणाऱ्या मराठी माणसाने इथे थांबावे. ही आपली अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ! मृगाचा पाऊस, आर्द्राचा पाऊस म्हणताना आपण सूर्य ज्या नक्षत्रात शिरला त्याचे नाव घेतो. अरब पहाटे उगवताना दिसलेल्याचे घेतात, म्हणून त्यांचा हिशोब आपल्यापेक्षा दोन-तीन आठवडे मागे चालतो. एरवी तेरा-चौदा दिवसांचा कप्पा दोघांचाही सारखा. मुरब्बआनियानंतर १५ जानेवारीच्या सुमारास 'शबत' लागतो, सव्वीस दिवसांचा, आणि झोंबणारा वारा त्याचाच.

हा हिशोब आधुनिक कुवेतमध्ये जपला तो डॉ. सालेह अल-उजैरी यांनी. १९२० ते २०२२ असे शतकभराचे आयुष्य लाभलेला हा माणूस कुवेतचा कालनिर्णयकारच म्हणायचा. त्यांच्या नावाचे कॅलेंडर इथल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत भिंतीवर दिसते. पुढच्या वेळी दिसले तर नमाजाच्या वेळांपलीकडेही नजर टाका. सुहैल ताराही ओळखून ठेवा. तो आपला अगस्त्य. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजावर १८ अंश चढतो. कुवेतहून जेमतेम ८. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर, थेट दक्षिणेला पाहिले तर दिसतो. उन्हाळाअखेरीस तो पहाटे पुन्हा दिसू लागला की इथे म्हातारे म्हणतात, रात्री निवल्या. आपल्याकडे अगस्त्य उगवला की पाणी निवळते म्हणत. पाहण्याची पद्धत तीच, तारा तोच.

आता विज्ञानाकडे, कारण जानेवारीच्या थंडीचे कारण तारे नव्हेत. कुवेत शहरात जानेवारीत दिवसा १९–२० अंश आणि पहाटे सरासरी ८ अंशांच्या आसपास. वाळवंटात आत गेले की पारा कधी कधी शून्याखालीही उतरतो. जुलैत याच देशात मित्रिबा इथे ५३.९ अंश नोंदले गेले आहेत (२१ जुलै २०१६, जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलेला आकडा). इतका मोठा झोका कसा? हवेत बाष्प कमी. बाष्प जमिनीची उष्णता रात्री गोधडीसारखी अडवून धरते. ती गोधडीच नसल्याने दिवसभर तापलेली वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने उष्णता आकाशाला देऊन टाकते. त्यात भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचे पट्टे येतात. पट्टा येताना ढग आणि थोडा पाऊस आणतो, आणि सरकला की त्याच्या पाठीमागे वायव्येचा 'शमाल' सुटतो, तुर्कस्तान-इराककडची थंड हवा घेऊन. वर्षभराचा पाऊस इथे जेमतेम ११०–१२० मिलिमीटर. आपल्या अंबोलीला जुलैत एखाद्या दिवसात याहून जास्त पडून जातो. पण जो काही पडतो तो मुख्यतः या पट्ट्यांचा.

हेच पट्टे पुढे जातात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. मराठी वर्तमानपत्रांतला 'पश्चिमी झंझावात' तो हाच. तो गेल्यावर उत्तरेची थंड हवा महाराष्ट्रात उतरते, आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत येतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण पिकत आलेला मणी थंडीने तडकतो. तेव्हा सालमियात छत्री उघडावी लागली तर काही दिवसांनी गावाकडे फोन करून "थंडी कशी आहे?" असे विचारायला हरकत नाही. दर वेळी जुळेलच असे नाही, पण बऱ्याचदा जुळते.

हा दुवा कागदावर आणला कोणी, याचे उत्तर आपल्या यादीत न सापडणाऱ्या तारखेत आहे: १५ जानेवारी १८७५. भारतीय हवामान खात्याचा स्थापना दिवस. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ सोसल्यावर सरकारला उमगले की प्रत्येक प्रांताने आपापल्या पद्धतीने पारा वाचून भागत नाही. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. १८८४ मध्ये त्याने मांडले की हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडला तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. आज हे नाते एवढे सरळ मानत नाहीत, पण मोसमी पावसाचा हंगामी अंदाज बांधण्याची सुरुवात तिथली. आणि त्या बर्फाचा कच्चा माल कुठून जातो? आपल्या डोक्यावरून.

म्हणूनच खात्याची नजर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर थांबली नाही. १८६४ मध्ये आखातातून समुद्राखालची तारायंत्राची केबल टाकली गेली होती. बुशेहर, मस्कत, एडन अशा बंदरांतले आकडे हिंदुस्थानच्या हवामानखात्याकडे जात. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरचे 'सिमला ऑफिस' पुणेकराला बसथांब्यासारखे ठाऊक असते. आत काय चालते हे फारसे कोणी विचारत नाही. त्या इमारतीत बसलेल्या माणसांसाठी आखात ही परदेशाची गोष्ट नव्हती, उद्याच्या हवेची होती.

याच्याही आधीची मराठी नावे आहेत. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने उभारली ती १८२६ मध्ये, बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ आणि खगोलशास्त्राचा आधार मिळावा म्हणून. १८४१ पासून तिथे चुंबकीय आणि हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. केरो लक्ष्मण छत्रे अगदी तरुणपणी तिथे निरीक्षणाच्या कामावर होते. आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या वेधशाळेचे कामही पाहिले. म्हणजे ६ जानेवारीला आपण ज्यांचा 'दर्पण' आठवतो ते गृहस्थ हवेचे आकडेही पाहत होते! पत्रकार दिनाच्या भाषणांत हे क्वचितच ऐकू येते. माझ्या मते वर्तमानपत्र काढणे आणि तापमापी वाचणे या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात. जे घडले ते रोज, नियमाने, खोटे न मिसळता लिहून ठेवायचे.

असे रोज लिहून ठेवलेले किती कामाला येते ते १९९१ ने दाखवले. १७ जानेवारीच्या पहाटे हवाई हल्ले सुरू झाले (अमेरिकेत तेव्हा १६ तारखेची संध्याकाळ होती, म्हणून दोन तारखा दिसतात). तो जानेवारी ढगाळ निघाला आणि वैमानिकांना कित्येकदा लक्ष्य न दिसताच परतावे लागले. भूमध्याकडचे तेच पट्टे. माघार घेताना इराकी सैन्याने ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या, त्यातली शेवटची विझली ६ नोव्हेंबरला. युद्धाच्या तोंडावर कार्ल सेगन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी इशारा दिला होता: धूर स्थितांबरापर्यंत चढला तर दक्षिण आशियाचा मोसमी पाऊस बिघडू शकतो. ज्यांचे घर कोरडवाहू शेतीवर चालते त्यांच्यासाठी ही तात्त्विक चर्चा नव्हती.

धूर तिथवर चढलाच नाही. विमाने घेऊन शास्त्रज्ञ त्या ढगांत शिरले तेव्हा दिसले की तो साधारण सहा किलोमीटरच्या खालीच राहिला. आग एक नव्हती, विखुरलेल्या शेकडो आगी होत्या. शिवाय विहिरींतून तेलाबरोबर खारे पाणीही उडत होते. त्यामुळे बराचसा धूर पांढुरका होता आणि कणांना पाणी धरण्याची ओढ होती, म्हणजे ते लवकर धुऊन निघण्यासारखे होते. धुराच्या छत्रीखाली भर दिवसा काळोख झाला, तापमान काही अंशांनी उतरले, फुप्फुसांचे हाल झाले. पण परिणाम प्रादेशिक राहिला. सेगनने पुढे आपल्या पुस्तकात हा अंदाज चुकल्याचे स्वतःच लिहिले. इशारा देणे चूक होते असे मला वाटत नाही. मात्र तो पारखता आला याचे श्रेय प्रत्यक्ष मोजमापांना आहे, आणि आमच्या यादीत १७ जानेवारीपुढे फक्त "युद्ध सुरू" एवढेच असते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. दर हिवाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी येते. शेतावरच्या खोलीत, वाळवंटातल्या तंबूत किंवा नोकरांच्या खोलीत रात्री कोळसा पेटवून झोपलेली दोन-तीन माणसे सकाळी मृत सापडली. बहुतेक वेळा आशियाई, पुष्कळदा भारतीय. आठ अंश म्हटले की गावाकडचा माणूस हसतो, "एवढ्याने काय होते?" पण सिमेंटच्या ठोकळ्यांची, पत्र्याच्या छपराची खोली वाळवंटात पहाटे किती गार पडते, आणि आंध्र, केरळ किंवा कोकणातून आलेल्या माणसाकडे रजई असतेच असे नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

यात मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. कोळसा पेटताना धूर दिसतो, तेव्हा लोक खिडकी उघडी ठेवतात. निखारे लाल झाले, धूर थांबला, की वाटते आता धोका गेला. खिडकी बंद होते, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. कोंडलेल्या खोलीत प्राणवायू कमी पडला की कोळसा अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. जागा असलेला माणूस कदाचित बाहेर पडेल. झोपलेला पडत नाही. बुखूरची किंवा हुक्क्याची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवली तरी गणित तेच.

उन्हाळ्यासाठी सरकारचा नियम आहे: जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम बंद. तो पाळला गेला का यावर आपण बोलतो, फोटो टाकतो. ते योग्यच आहे. पण जानेवारीत आपण शाली पांघरून तिळगूळ समारंभाला जातो तेव्हा इमारतीच्या तळघरातल्या खोलीत हारिस कशावर ऊब घेतो हे विचारत नाही. हवामान म्हणजे आपल्या लेखी उकाडा आणि धुळीचे वादळ. थंडी ही मजेची बाब: सहल, तंबू, भाजलेली कणसे. अडीच महिने मजा, साडेनऊ महिने तक्रार. पहाटेची थंडी या हिशोबात कुठेच बसत नाही.

म्हणून माझी सूचना आपल्या मंडळांना आहे, आणि ती हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात बसण्याइतकी छोटी आहे. हवामान खात्याचा दिवस आणि संक्रांत शेजारी शेजारी येतात. त्या कार्यक्रमात लुटायचे वाण दरवर्षी प्लास्टिकचे डबे का? एका वर्षी आपापल्या इमारतीच्या हारिसासाठी, ड्रायव्हरसाठी, घरकामाला येणाऱ्या बाईसाठी जाड पांघरुणे गोळा करू. सोबत हिंदी, तेलुगू, मल्याळम, बंगाली, अरबी अशा भाषांत एक पानभर सूचना: निखारे झोपण्याआधी खोलीबाहेर न्या, पाणी टाकून पूर्ण विझवा, खिडकीला हाताच्या चार बोटांची फट ठेवा, डोके जड वाटले तर आधी उघड्यावर या, मग ११२ ला फोन करा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बाजारात मिळतो. हिवाळ्यात तंबू टाकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे तो हवा.

दुसरे काम मुलांसाठी. एक साधी कमाल-किमान तापमापी घ्या आणि १५ जानेवारीपासून वर्षभर वही ठेवा. फोनवर दिसणारा आकडा विमानतळाचा असतो किंवा संगणकाने काढलेला. फहाहीलच्या आपल्या गच्चीचा नसतो. अब्बासियातल्या दाट वस्तीत, सालमियात समुद्राकाठी आणि जहरात वाळवंटालगत राहणाऱ्या तीन मित्रांनी एकाच पहाटेचे आकडे शेजारी ठेवले तर बाष्पाची गोधडी म्हणजे काय हे शिकवावे लागणार नाही. शबताचे सव्वीस दिवस पुरे झाले की उजैरींच्या कॅलेंडरशी ताडून पाहा. हिजरी, इंग्रजी आणि आपली तिथी तिन्ही समोर लिहा. पुढच्या जानेवारीत कोणती सरकली ते मुलांनाच शोधू द्या.

तापमापी सावलीत हवी, पारा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, भिंतीपासून थोडी सुटी. किमान आकडा सूर्योदयानंतर वाचायचा, कारण सर्वांत गार क्षण बहुधा उजाडतानाच येतो. आणि शेजाऱ्याच्या एसीच्या बाहेरच्या यंत्राजवळ मात्र ती लटकवू नका.